चाळीस आणि सिस्टरचा कॉम्प्युटर

त्याला सगळे चाळीस म्हणायचे. वयावरून नव्हे, वयानं तर साठी केव्हाच ओलांडली होती. बसचं चाक पहिल्यांदा हातात घेतलं त्या दिवसापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्याच्या गाडीचा काटा चाळीसच्या पुढे गेलेला कुणी पाहिला नव्हता. रस्ता मोकळा असो, मागून हॉर्नचा कहर चाललेला असो, हा आपला चाळीस. कंडक्टर वैतागून म्हणायचे, "याच्या गाडीत पोरगा चढला तर उतरताना त्याला मिशा फुटलेल्या असतात." प्रवासी मात्र याची गाडी मागून येते आहे असं दिसलं की पुढची सोडून द्यायचे. याच्या गाडीत उभ्यानं चहा प्यायला तरी थेंब सांडत नसे. कुणाला ही थाप वाटत असेल तर वाटो बापडी, पिणारे अजून हयात आहेत.

निवृत्त झाला तरी ड्रायव्हर काही अंगातून उतरला नव्हता. स्वयंपाकघरात दूध वर यायला लागलं की खुर्चीत बसल्याबसल्या याचा उजवा पाय फरशीवर करकचून दाबला जायचा. गॅस बंद करायला मात्र बायकोलाच धावत यावं लागे.

बायकोला सगळी इमारत सिस्टर म्हणायची. मोठ्या हॉस्पिटलात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. हात असा स्थिर की इंजेक्शन दिलेल्या माणसानं "द्या ना आता" म्हणावं. कमी बोलायची, आणि तक्रार हा प्रकार तर तिच्या गावीच नव्हता. चाळीसची खरी अडचण तीच होती.

कारण बायकोसाठी त्यानं आजवर एकही वस्तू धड आणली नव्हती. लग्नानंतर पहिल्या पगारातून कुकर आणला, तो एवढा मोठा की त्यात वसतिगृहाचं जेवण शिजलं असतं. मग घड्याळ आणलं, नाजूक, सोनेरी, आणि त्याला सेकंदाचा काटाच नाही. नर्सला सेकंदकाटा नसलेलं घड्याळ! थंडीचा कोट आणला, त्याच्या बाह्यांतून बोटांची टोकंसुद्धा बाहेर येईनात. प्रत्येक वेळी सिस्टरनं वस्तू हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "छान आहे." आणि वापरलीही. हा भाबडा त्या दोन शब्दांवर वर्षानुवर्षं खूश.

मग एकदा मेहुणी जेवायला आली होती. गप्पांच्या भरात ती बोलून गेली, "ताईचे ते काळे बूट आठवतात ना, तुम्ही आणलेले? पुढे कापूस कोंबून घालायची हो ड्यूटीवर. दोन नंबर मोठे होते." सिस्टरनं बहिणीला डोळ्यांनी दटावलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. चाळीसचा घास हातातच राहिला. त्या रात्री अंथरुणावर पडून त्यानं एकेक "छान आहे" आठवून पाहिलं, आणि एकावरही त्याचा विश्वास बसेना. आपण एवढी वर्षं बायकोसाठी आणत होतो की तिच्या गळ्यात मारत होतो, हा प्रश्न त्याच्या मनाला लागला.

यात वाईट हेतू नव्हता. पण विचारायची पद्धतच नव्हती ना त्याच्याकडे. विचारून आणलं तर त्यात कसलं कौतुक, असं त्याचं म्हणणं.

अशात एका सकाळी मटार सोलता सोलता सिस्टर म्हणाली, "अहो, मला एक कॉम्प्युटर हवाय. गेम खेळायला. चांगला."

चाळीसला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. गेमचं आश्चर्य नव्हतं. मुलीनं सोडून दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर बायको संध्याकाळी काहीतरी खेळत बसते, हे त्याला माहीत होतं. आश्चर्य होतं ते "मला हवाय" याचं. हे शब्द त्या तोंडून त्यानं कधी ऐकले नव्हते. आता ही वस्तू तरी चुकता कामा नये, असं त्यानं तिथल्या तिथे ठरवलं. ही चुकली तर पुन्हा ती काही मागणार नाही, आणि पुन्हा सगळं छानच असेल.

पैशाचं म्हणाल तर छत गळत होतं ते करून घेतल्यावर जे उरलं तेवढंच. अंथरूण ठरलेलं होतं, पाय कुठला किती पसरायचा एवढंच बघायचं होतं. चाळीस इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच बाजारात गेला.

कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्यांची एक गल्ली होती. तिच्या टोकाला जिन्याखाली एक अरुंद दुकान. छतापर्यंत खोकी, टेबलावर स्क्रूंच्या वाट्या आणि मधोमध एक ऐसपैस जोडणीवाला, चष्मा कपाळावर चढवून. बाहेरच्या काचेत एक कॅबिनेट लाल, निळं, हिरवं चमकत होतं. चाळीसनं त्याच्याकडे पाहून नाक मुरडलं.

"हे काय, वरात निघालीय का?"

"काका, लोक मागतात म्हणून ठेवतो," जोडणीवाला हसला. "बडा घर, पोकळ वासा. तुम्हाला काय हवं ते सांगा."

"गेमचा कॉम्प्युटर. बजेट एवढं. वर एक पैसा नाही." चाळीसनं आकडा सांगितला, आणि मग न विचारता आपलं तत्त्वज्ञानही सांगितलं. "हे बघा, मी जन्मभर गाडी चालवली. गाडी इंजिनानं बंद पडत नाही, तापून बंद पडते. तेव्हा आधी रेडिएटर बघायचा, मग ब्रेक, मग टायर. इंजिन सगळ्यात शेवटी. त्या हिशेबानं काय ते दाखवा."

जोडणीवाल्यानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. असं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नसावं. त्यानं एकेक भाग काढून टेबलावर मांडला. हा प्रोसेसर, हा डोकं चालवतो. हे ग्राफिक्स कार्ड, हे पडद्यावरचं चित्र काढतं. हा मदरबोर्ड, सगळे याच्यावर बसतात. ही रॅम, चालू काम हाताशी ठेवते. हा एसएमपीएस, हा सगळ्यांना वीज पुरवतो.

"म्हणजे प्रोसेसर ड्रायव्हर आणि ग्राफिक्स कार्ड इंजिन."

"असंच समजा."

"आणि हा एसएमपीएस म्हणजे डिझेलचा पंप. इथे हात आखडायचा नाही."

"हे मात्र शंभर टक्के बरोबर बोललात, काका."

एवढ्यानं चाळीसची छाती फुगली. मग काचेच्या कपाटातल्या सगळ्यात महागड्या ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मग हेच टाका. बाकीच्यात कापाकापी करू."

"नाकापेक्षा मोती जड होईल. हे घेतलं तर प्रोसेसर हलका घ्यावा लागेल, आणि ड्रायव्हरच झोपाळू असेल तर इंजिन काय करणार?" जोडणीवाला म्हणाला. "बरं, खेळणार कोण?"

"बायको."

"वा! काय खेळतात काकू?"

शेजारच्या खोलीत रोज संध्याकाळी, दोन वर्षं. काय खेळते? चाळीसला ठाऊक नव्हतं. दरवाजा लोटलेला असायचा, आतून मधूनमधून बोलण्याचा आवाज यायचा, आणि हा बाहेर बातम्या बघत बसायचा.

"काहीतरी... रंगीत गोळ्या जुळवायचं असेल," तो पुटपुटला.

जोडणीवाल्यानं मांडलेले भाग शांतपणे पुन्हा खोक्यांत ठेवले. "काका, गोळ्या जुळवायच्या असतील तर एवढा खर्च कशाला? आणि दुसरं काही असेल तर त्यावर सगळं ठरतं. काकूंच्या शेजारी बसून एकदा नीट बघून या. मी कुठे पळून जात नाही."

त्या संध्याकाळी चाळीसनं लोटलेला दरवाजा ढकलला. हातात चहाचे दोन कप होते. रिकाम्या हातानं जायचा धीर झाला नाही.

सिस्टर स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर बसली होती. डोक्यावर हेडफोन. पडद्यावर एक पडकं गोदाम होतं आणि तिच्या पुढ्यात दोन हात, त्या हातांत बंदूक. चाळीस बाजूच्या पलंगावर टेकला. पुढे जे त्यानं पाहिलं ते सांगताना तो आजही आवाज खाली आणतो. त्याची बायको, जी झुरळसुद्धा कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडते, ती एका भिंतीआडून दबकत निघाली आणि तिघांना आडवं करून आली. हाताला कंप नाही, श्वास वाढलेला नाही. चौथा जिन्यावरून धावत आला, त्याला तिनं वळूनही न बघता उडवला.

"अगं!" चाळीसच्या तोंडून निघालं.

"आयुष्यभर माणसं वाचवली," सिस्टर पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "आता जरा दुसरी बाजू बघतेय."

आणि ती हसली. खदखदून, मान मागे टाकून. चाळीसला हे हसू ओळखीचं होतं, पण फार जुनं. लग्नाआधी ती एकदा अशी हसली होती, तेव्हाच तर यानं मनाशी पक्कं केलं होतं. मध्ये हे हसू कुठे गेलं होतं, आणि या खोलीत कधी परत आलं, आणि आपण बाहेर बसून बातम्या कसल्या बघत होतो? त्याला स्वतःची लाज वाटली.

तिनं हेडफोनचा एक कान त्याच्याकडे केला. त्यात आवाज होते. एक दंतवैद्य, दोन भावंडं, एक रात्रपाळीचा वॉचमन. कुणी कुणाला कधी भेटलेलं नव्हतं. "सिस्टर, डावीकडे! सिस्टर, जिना तुमच्याकडे!" असा गलका चालला होता. पण गर्दी वाढली तसं चित्र अडखळायला लागलं. थांबलं, उडी मारली, पुन्हा थांबलं. हललं तेव्हा सिस्टर जमिनीवर पडलेली होती.

"गेले," ती म्हणाली. "शेवटच्या फेरीत हा असाच दगा देतो. म्हणून शेवटच्या फेरीला मी आपणहून बाहेर बसते. माझ्यापायी त्यांनी का हरावं?"

चाळीसला हे वाक्य त्या कापूस कोंबलेल्या बुटांसारखंच बोचलं. हीसुद्धा तिची तीच रीत, तक्रार न करता बाजूला होण्याची.

"तुला काय हवंय, सांग," तो म्हणाला.

"तुम्ही आणाल ते..."

"तसं नको. मी विचारतोय ना."

सिस्टरनं त्याच्याकडे वळून पाहिलं. ताप आलेल्या माणसाकडे बघते तसं. मग हळूहळू सांगायला लागली. चित्र सुंदर नसलं तरी चालेल, पण अडखळायला नको. दिवे नकोत. कीबोर्डची बटणं जोरात दाबली की खडखडायला नकोत. आणि ऐकू नीट यायला हवं, कारण समोरचा दिसायच्या आधी त्याची पावलं ऐकू येतात. चाळीसनं एकेक गोष्ट बोटांवर मोजून डोक्यात बसवली, पूर्वी थांबे बसवायचा तशी.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या दुकानात सगळी उजळणी झाली. जोडणीवाल्यानं ऐकून मान डोलावली. "आता सोपं झालं. चित्र कमी देखणं चालेल ना, मग कार्ड मधलं घेऊ, तेही वापरलेलं. माझ्या हातचं आहे, मी हमी देतो. त्यातून वाचेल ते प्रोसेसरला लावू. आणि मॉनिटर चपळ हवा, काका. एका सेकंदात भरपूर चित्रं दाखवणारा."

"घरातला टीव्ही लावला तर?"

"मग काकूंना शत्रू दिसेल तो चहा पिऊन परत गेल्यावर."

टीव्ही बाद झाला. कॅबिनेट साधं पत्र्याचं ठरलं, काच नाही, दिवे नाहीत. साठवणीची डिस्क छोटी, कारण सिस्टर खेळते एकच खेळ. रॅमच्या दोन पट्ट्या. कीबोर्ड न खडखडणारा. एसएमपीएस दणकट, तिथे दोघांचं एकमत. हेडफोनसाठी चाळीसनं वेगळी घासाघीस केली आणि मनाजोगते मिळवले, पावलांसाठी. सगळं जमून बजेटमध्ये थोडं उरलंसुद्धा. इथे तो थांबला असता तर या माणसाविषयी सांगण्यासारखं फारसं उरलं नसतं.

पण जित्याची खोड. कोपऱ्यात मोठमोठे काळे पंखे पडले होते, कुठल्याशा कंपनीच्या मोठ्या मशिनांतून काढलेले. चाळीसनं एक उचलून फुंकर मारली. पातं गरगर फिरलं.

"हे बसवा. तीन."

"काका, गरज नाही. आहेत ते दोन पुरेसे आहेत. हे मोठ्या मशिनांचे आहेत, आवाज करतील."

"करू दे. भर चढणीला गाडी तापली की आवाज कोण बघतो? तापायला नको म्हणजे नको."

"काकूंना विचारलंत?"

"यात काय विचारायचं!" चाळीस म्हणाला. जोडणीवाल्यानं खांदे उडवले आणि पंखे बसवले.

मशीन टॅक्सीतून घरी आलं ते चाळीसच्या मांडीवर बसून. घरी आल्यावर त्यानं नवीनच फर्मान काढलं: नवं इंजिन आहे, आधी आठवडाभर दमानं चालवायचं. एकदम पळवायचं नाही. रोज सकाळी उठून तो बटण दाबायचा आणि मशीन गरम होऊ द्यायचा, वर हात ठेवून. सिस्टरनं हेही चालवून घेतलं. पहिल्यांदा खेळायला बसली, चित्र पाण्यासारखं वाहिलं, शेवटच्या फेरीला ती बाहेर बसली नाही. चाळीस दारातच उभा होता.

"कसं आहे?"

"छान आहे," सिस्टर म्हणाली.

पुन्हा तेच दोन शब्द.

नंतरचे दिवस त्याचे वाईट गेले. खरंच छान असेल का? चित्र अडखळत नव्हतं, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. पण तो तिच्याकडे बघत राहायचा. खेळताना ती हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबते का? कपाळाला आठी आहे का? कधी असायची, कधी नसायची. विचारलं की उत्तर तेच. चाळीसला जेवण गोड लागेना. एवढं विचारून, एवढं ऐकून शेवटी आपण पुन्हा तिथेच आलो, असं त्याला वाटायला लागलं. एकदा तर तो पलंगावर बसून स्वतःच्याच बुटांकडे बघत राहिला.

आणि मग एका दुपारी आतून आवाज आला. साधा नव्हे. वॉर्डातला.

"अहो! इकडे या आधी!"

चाळीस धावला. वयाच्या मानानं बराच जोरात, चाळीसच्या वरच. सिस्टर उठून उभी होती, हेडफोन गळ्यात, दोन्ही हात कमरेवर.

"हे काय आणून बसवलंय तुम्ही याच्यात? गिरणी आहे का ही? मला पावलं ऐकू येत नाहीत. टीमला माझं बोलणं ऐकू येत नाही. तो दंतवैद्य विचारतो, सिस्टर विमानतळावरून खेळताय का? मगाशी एक जण चालत चालत माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला आणि मला पत्ता नाही! कुणी सांगितले होते एवढे पंखे?"

"तापेल म्हणून..."

"तापेल! मी काय हे घेऊन डोंगर चढणार आहे? नको मला हे असलं. काढा ते आणि परत करून या."

चाळीस तिच्याकडे बघत राहिला. तिचे गाल लाल झाले होते. कुकरच्या वेळी ती असं बोलली नव्हती. घड्याळाच्या वेळी नाही, कोटाच्या वेळी नाही, बुटांच्या वेळी तर नाहीच. त्या वस्तू तिला नकोच होत्या, म्हणून त्यांच्यासाठी भांडावं असं तिला वाटलंच नव्हतं. ही तिला हवी होती. अगदी मनापासून, पावलांच्या आवाजासकट हवी होती. चाळीसच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तो घाईघाईनं वाकून वायरी काढायला लागला.

"नेतो. आत्ताच नेतो."

तो कॅबिनेट छातीशी धरून दारापर्यंत पोचला, तर मागून चपलांचा आवाज आला.

"थांबा. मीही येते. एकट्याला सोडलं तर परत काहीतरी भलतंच उचलून आणाल."

जिन्याखालच्या दुकानात जोडणीवाल्यानं दोघांना येताना पाहिलं आणि भांडणाच्या तयारीनं चष्मा नाकावर घेतला. पण चाळीसनं मशीन टेबलावर ठेवलं आणि मुलगा पहिला आल्याचं सांगावं अशा आवाजात जाहीर केलं, "बायकोला आवडलं नाही!"

मग सिस्टर पुढे झाली. तिनं दुकानातला एकेक छोटा पंखा चालू करून कान लावून ऐकला, दोन नापसंत केले, तिसरा आणखी हळू फिरतो का ते विचारलं, आणि किमतीवरून जोडणीवाल्याशी अशी हुज्जत घातली की शेजारच्या दुकानातले दोघे ऐकायला बाहेर आले. चाळीस मागे उभा होता, तिची पिशवी हातात धरून. त्याचं मत कुणी विचारलं नाही, आणि इतका सुखी तो जन्मात झाला नव्हता.